देवचाराचं वळण

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, तोंडावर बोट ठेवलं आणि मी वाक्य अर्धवट सोडलं. फळ्यांची वाट तिथे उजवीकडे वळते. आमच्यामागून कॅमेरे गळ्यात अडकवलेलं एक जोडपं मोठमोठ्याने हसत येत होतं. अण्णा त्यांच्याकडे वळले, पुन्हा तसंच बोट ठेवलं आणि नुसते बघत राहिले. ती बिचारी एकदम गप्प झाली. बाईंनी तर चपलाही हातात घेतल्या, उगीचच.

"आजोबांना काही होतंय का?" पुढे गेल्यावर तिने मला हळूच विचारलं.

"होतंय खूप काही, पण हे त्यातलं नाही," मी म्हणाले.

हे कांदळवन उद्यान होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. खाडीच्या काठाने, तिवरांच्या आणि कांदळांच्या गर्दीतून वनखात्याने खांबांवर फळ्या टाकून वाट काढली. ओहोटीला खाली काळा चिखल आणि मुळांचं जंजाळ, भरतीला तेच सगळं पाण्याखाली, आणि वरून आपण कोरड्या पायांनी फिरायचं. वाट खरं तर सरळच जायची होती. पण मध्ये आला देवचार. देवचार म्हणजे आमच्या तारवाडीचा राखणदार. चिऱ्यांचा एक कमरेएवढा चौथरा, त्यावर एक दगड, बाकी काही नाही. गावाने सांगितलं, त्याच्या अंगावरून फळ्या न्यायच्या नाहीत. वनखात्याच्या साहेबाने आधी हसून घेतलं आणि मग मुकाट्याने वाट वळवली. म्हणून ते वळण.

देवचार रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून त्याला वहाणा लागतात. नवस फेडायला लोक चौथऱ्यावर कातडी वहाणांचा जोड ठेवतात, सोबत विडी आणि नारळ. काही दिवसांनी त्या वहाणा झिजलेल्या दिसतात. म्हणजे फिरला. आणि दुसरी गोष्ट अशी की त्याच्या जाग्यावर कुणालाही नाव घेऊन हाक मारायची नाही. ज्याचं नाव त्याच्या कानावर पडेल ते माणूस तो आपल्या सोबतीला नेतो. म्हणून वळण आलं की आम्ही गप्प होतो. नाव नको आणि बोलणंही नको, सरळ पुढे जायचं.

मला ते जड जायचं, कारण माझा आवाज. मी एसटीत कंडक्टर होते. मागच्या सीटवरच्या बहिऱ्या म्हातारीला तिकीट विचारून विचारून घसा असा तयार झाला होता, की मी दारातून उमेशला, म्हणजे माझ्या भावाला, जेवायला हाक मारली तर पलतडीचे, म्हणजे खाडीच्या पलीकडच्या काठावरचे लोक ताटावर बसायचे, असं गावात म्हणत. आवाज मुळात अण्णांचा. ते तारी. पूल होईपर्यंत खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, त्यांनीच चालवली. पलीकडून कुणी "ओ तारी" म्हणून ओरडलं की इकडून त्यांनी ओ दिलीच समजा. पूल झाला, तर बंद पडली, होडी चिखलात कुजून गेली. मग हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं.

आधी वार विसरले, मग जेवलो की नाही ते विसरले. मग मला इंदू म्हणायला लागले. इंदू त्यांची बहीण, लहानपणीच गेलेली. मी पहिल्यांदा रडले, नंतर इंदू झाले. काय करणार? अण्णा दारात दिसतील त्या चपला घालून बाहेर पडायचे. एकदा आईच्या घालून बाजारात गेले, एकदा पोस्टमनच्या. म्हणून आईने त्यांच्या निळ्या स्लिपरच्या पट्ट्यांना लाल दोरा बांधला आणि रोज सकाळी त्या पायरीवर समोरच ठेवायची. पण एवढं सगळं गळून गेलेला हा माणूस, रोज संध्याकाळी मी त्यांना फिरायला नेलं की त्या वळणावर न चुकता तोंडावर बोट ठेवायचा. मला ते फार आवडायचं. वाटायचं, अजून आत कुणीतरी आहे.

तो दिवस उमेशच्या मुलीच्या बारशाचा. उमेशचं लग्न होऊन कितीतरी वर्षांनी पाळणा हलला होता, त्यामुळे अख्खी वाडी जेवायला. उद्यानाच्या फाटकावरचा रखवालदार बाबल मेस्तसुद्धा फाटकाला नुसती कडी घालून आमच्याकडे पंगतीला बसला होता. वहिनीचे वडील, केळुसकर व्याही, कुडाळहून आले होते. मोठा सज्जन माणूस. इतका सज्जन की त्यांच्यासमोर आपलाच आवाज आपल्याला टोचतो. पानात मीठ कमी पडलं तरी मागणार नाहीत. आमच्या घरी ते लग्नानंतर पहिल्यांदाच आले होते, त्यामुळे आईची नुसती धांदल. त्यांना बसायला खुर्ची कुठली द्यायची यावरून सकाळी आम्हा मायलेकींचं भांडणही झालं होतं.

अंगणात चपलांचा ढीग पडला होता. आत बायका पाळणा म्हणत होत्या. मी अण्णांना पडवीत आरामखुर्चीत बसवलं, हातात लाडू दिला आणि पंगतीला वाढायला गेले. दुसरी पंगत उठली तेव्हा खुर्ची रिकामी होती. लाडू अर्धा खाऊन खुर्चीच्या दांड्यावर ठेवलेला होता.

सुरुवातीला कुणी घाबरलं नाही. असं व्हायचंच. उमेशने पायरीवर पाहिलं आणि म्हणाला, "चपला तर हंयच आसत. अनवाणी कितक्या लांब जातले?"

त्या लाल दोऱ्याच्या निळ्या स्लिपरा जागच्या जागी होत्या. त्यांनी आम्हाला केवढा धीर दिला. अण्णांचे पाय म्हातारपणी फार हळवे झाले होते, अंगणातला खडासुद्धा सहन व्हायचा नाही. मग आम्ही घर पाहिलं, माळा पाहिला, न्हाणी, गोठा, विहिरीत डोकावून पाहिलं. विहिरीत पाहताना आईने माझा दंड असा धरला की वळ उठले. मग शेजारची घरं. मग देऊळ. केळुसकर व्याही आमच्याबरोबर देवळापर्यंत आले, त्यांना मी परत पाठवलं. म्हातारा माणूस, पाहुणा, उन्हात कशाला? ते पाय उचलून उचलून टाकत परत गेले. माझ्या मनात आलं, शहरातल्या माणसाला आमचा रस्ता टोचत असेल.

गावात नाहीत म्हटल्यावर आई म्हणाली, खाडीकडे बघूया. ओहोटी होती. आज भरती किती वाजता, हे आमच्या वाडीत शेंबडं पोरसुद्धा सांगतं. दिवेलागणीला पाणी चढणार होतं. अजून चांगला वेळ होता.

उमेश मोटारसायकल घेऊन पुलाकडे गेला. मी आणि आई कांदळवनात. फाटकाची कडी निघालेली होती, पण ती वाऱ्यानेही निघते. मी पहिल्या फळीपासून हाका मारायला सुरुवात केली. "अण्णा." दोन्ही बाजूंना बघत होते. खाली चिखल, चिखलात लाल नांगीचे खेकडे, आमची पावलं वाजली की बिळात जाणारे. फळ्या आमच्या इथे दणदणत वाजतात. "अण्णा, ओ अण्णा." घसा पूर्ण सोडला होता. बगळे उठले. मग मला सुचलं, अण्णा म्हटल्यावर त्यांना आता कळत असेल की नाही? त्यांचं नाव घेऊन ओरडावं, ओ तारी म्हणून ओरडावं. मी श्वास घेतला आणि आईने मागून माझ्या तोंडावर हात दाबला.

"हंय नाव घेव नको," ती कानाशी म्हणाली.

आम्ही वळणावर आलो होतो.

आईच्या हाताला हळद-कुंकवाचा वास येत होता. मी मान हलवली, तेव्हा तिने तो काढला. तिचं बरोबरच होतं. ज्या माणसाला शोधायला निघालो त्याचंच नाव देवचाराच्या कानावर घालायचं, एवढी का आमची मती गेली होती?

चौथऱ्यावर वहाणांचा जोड होता. चांगल्या कातडी, नवसाच्या असतात तशा, नुकत्याच ठेवलेल्या. नवीन असल्या तरी टाचेशी थोडी धूळ लागलेली. एक सरळ होती, एक जरा तिरकी. आईने फळ्यांवरून वाकून तिरकी वहाण सरळ केली. अंबाड्यातला बारशाचा अबोलीचा वळेसर काढला, त्या वहाणांवर ठेवला आणि हात जोडले. नेहमी देवाशी भांडल्यासारखी बोलणारी माझी आई, ओठ न हलवता गाऱ्हाणं घालत होती. मीही हात जोडले. आमच्या आजूबाजूला इतकं शांत होतं की चिखलात बुडबुडे फुटलेले ऐकू येत होते.

मग आम्ही चवड्यांवर चालत पुढे गेलो आणि वळण संपल्यावर मी पुन्हा हाका मारायला लागले. वाट संपेपर्यंत मारल्या. टोकाच्या मनोऱ्यावर चढून मारल्या. पलीकडच्या काठावरच्या दोन बायका बाहेर आल्या आणि त्यांनी हात हलवून विचारलं, काय झालं. परत येताना वळणावर पुन्हा गप्प.

घरी आलो तोवर उमेश पुलावरून रिकाम्या हाती आला होता. पोलिसपाटलांना सांगितलं, चार माणसं रस्त्याला पाठवली. पाहुणे पांगायला लागले. अशा वेळी कुणी निरोप घेत नाही, गुपचूप जातात. अंगणातला चपलांचा ढीग कमी कमी होत गेला. दिवे लागले. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन माजघरात रडत बसली होती, तिच्या मुलीच्या बारशाला हे काय झालं म्हणून. केळुसकर व्याह्यांना शेवटच्या गाडीने जावं लागणार होतं. त्यांनी उमेशच्या खांद्यावर हात ठेवला, आईला वाकून नमस्कार केला आणि पायरी उतरून रिक्षाकडे चालायला लागले.

ते अनवाणी चालत होते.

धोतर जरा उचलून, एकेक पाय बघून टाकत. मी पडवीतून बघत होते आणि आधी काही कळलंच नाही. मग मी मागे गेले. विचारलं, काका, तुमच्या चपला?

"राहू द्या हो ताई," ते एकदम ओशाळून म्हणाले. "गर्दीत इकडेतिकडे झाल्या असतील. या वेळी चपलांचं काय घेऊन बसायचं?"

"कधीपासून नाहीत?"

"जेवून उठलो तेव्हापासून. देवळाकडे निघालो तेव्हा बघत होतो. पण तुमची ती अवस्था. व्याह्यांच्या दारात माझ्या चपला हरवल्या, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?"

"कसल्या होत्या?"

"कातडी," ते म्हणाले. "बारशासाठी म्हणून घेतल्या होत्या, नव्या."

मला पुढचं ऐकू आलं नाही. मी त्यांना तसंच सोडून धावले. उमेशला हाक मारली की नाही ते आठवत नाही, पण तो मागून येत होता, हातात बॅटरी. धावता धावता मला सगळं दिसत होतं. तर चालवायचे तेव्हा अण्णा त्याच वाटेने जायचे. त्यांची होडी चौथऱ्याच्या मागे, कांदळांच्या आड बांधलेली असायची. होडीत पाय ठेवण्याआधी देवचारासमोर चपला काढायच्या, हात जोडायचे आणि चिखलात उतरायचं. सगळी हयात त्यांनी तेच केलं होतं. आईला ते माहीत होतं, मलाही होतं. फक्त त्यांच्या चपला घरी होत्या ना. लाल दोरा बांधलेल्या, पायरीवर.

पाणी चढलं होतं. चिखल नव्हता, मुळं नव्हती, फळ्यांखाली काळं पाणी डुचमळत होतं. चौथरा अर्धा बुडालेला, आणि वर त्या वहाणा कोरड्या, शेजारी शेजारी, त्यांच्यावर आईची अबोली. मी तिथेच उभी राहून ओरडले. अण्णा म्हणून ओरडले, त्यांचं नाव घेऊन ओरडले, ओ तारी म्हणून ओरडले. देवचाराला जे न्यायचं ते त्याने नेऊ दे, मला नेऊ दे, गाव नेऊ दे. उमेश कपड्यांनिशी पाण्यात उतरला, छातीपर्यंत गेला, त्याला बाबलने आणि दुसऱ्या कुणी ओढून वर काढलं. कुठूनही ओ आली नाही.

पहाटेच्या ओहोटीला सापडले. बाबलनेच पाहिलं. मला तो नको म्हणत होता, पण मी गेले. ते कमरेपर्यंत चिखलात होते, उभेच. दोन्ही हातांनी कांदळाची मुळं कवटाळलेली. तोंड वाटेकडे. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव भरतीच्या पाण्याने गेला, संध्याकाळी. म्हणजे दुपारी आम्ही गेलो तेव्हा ते तिथे होते, जिवंत, नुसते रुतलेले. एका माणसाने दोरी टाकली असती, एक फळी आडवी टाकली असती तर बाहेर आले असते. बाबल त्यांच्या शेजारी चिखलातून वर बघत उभा होता. त्याने हात वर केला असता तर मी फळीवर ओणवी होऊन तो धरू शकले असते. फक्त मध्ये एक गच्च झुडूप होतं, त्याच्या पानांनी माणूस झाकून जाई.

आमच्या पावलांनी फळ्या वाजल्या, त्या त्यांना ऐकू आल्याच असतील. माझ्या हाका तर लांबून येत होत्या, जवळ जवळ येत होत्या. आणि मग आम्ही त्यांच्यापाशी येऊन गप्प झालो. त्यांनी ओ का दिली नाही, हे मला बाबलने विचारलं, उमेशने विचारलं, पोलिसांनी विचारलं. मी कुणालाही सांगितलं नाही. सांगून कळलं नसतं. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, आपण कोण ते आठवत नव्हतं. पण ते कुठे उभे आहेत, ते त्यांना पक्कं माहीत होतं.

केळुसकर व्याही पुन्हा आमच्या घरी आले ते बाराव्याला. अंगणाबाहेरच चपला काढून, हातात धरून, भिंतीशी उभे राहिले. कुणी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांच्या त्या वहाणा आम्ही परत आणल्या नाहीत आणि त्यांनीही विचारल्या नाहीत. पुढे त्या झिजल्या. गावातले लोक म्हणाले, देवचार फिरला. आई त्या वाटेने पुन्हा कधी गेली नाही.

तिने विचारलं मात्र खूप दिवसांनी. पाऊस संपून गेला होता. मी ड्युटीवरून येऊन चुलीपाशी चहा घेत होते आणि ती तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "मी हात जोडलंय, तेव्हा ते कितके लांब होते गो?"

मी तयारीत होते. कित्येक दिवस तयारीत होते. म्हटलं, लांब होते, आई. होडी बांधायचे ना, त्याच्याही पलीकडे, खाडीच्या तोंडाशी. आपण ओरडलो असतो तरी ऐकू गेलं नसतं.

तिने मान हलवली. दोन-चार खडे वेचून बाजूला टाकले. मला वाटलं, मानलं तिने.

"तुझो आवाज पलतडी जाता," ती म्हणाली, आणि सूप उचलून तांदूळ पाखडायला लागली.